बारा जणांचा 'क्लास': मेथडिस्ट वारशाची पार्श्वभूमी

मेथडिस्ट या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाचा वारसा शिकवताना बहुतेक जण २४ मे १७३८ पासून सुरुवात करतात: लंडनच्या आल्डर्सगेट रस्त्यावरची सभा आणि पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली याच्या अंतःकरणाला आलेली ऊब. प्रसंग मोठाच. पण चळवळ टिकली ती १७४२ मध्ये इंग्लंडच्या ब्रिस्टल शहरात जे घडले त्यामुळे, आणि तिथे विषय होता कर्जाचा. सभागृहाचे देणे फिटत नव्हते. फॉय नावाच्या कप्तानाने सुचवले की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. गरिबांना ते कसे झेपणार, असे विचारल्यावर त्याने सर्वांत गरीब अकरा जण आपल्याकडे मागून घेतले. त्यांना जमले नाही तर त्यांचे तो भरणार होता. असे बारा-बारांचे गट पडले; त्यांनाच 'क्लास', म्हणजे वर्ग, म्हणत. पेनीसाठी घरोघर जाणाऱ्या प्रमुखांना कोण कसा जगतो हे दिसू लागले, आणि वसुलीची व्यवस्था माणसे सांभाळण्याची व्यवस्था झाली.

१७४३ मध्ये तीन नियम आले: वाईट करू नका, भले करा, देवाने नेमलेली साधने (उपासना, प्रार्थना, वचनाचे वाचन, प्रभुभोजन, उपास) पाळा. पहिल्याखाली वेस्लीने त्याच्या काळातल्या वाइटाची यादी दिली. दारूची खरेदी-विक्री, जकात चुकवलेला माल, व्याजखोरी, फेडण्याची शक्यता नसताना कर्ज काढणे.

भारतात अमेरिकन मेथडिस्ट १८५६ मध्ये विल्यम बटलरबरोबर बरेलीला आले. पुढे निजामाच्या राज्यात बिदर भागात काम उभे राहिले. आज लातूर जिल्ह्यात असलेले उदगीर तेव्हा बिदर जिल्ह्यातच होते. राज्यकारभार आणि वरचे शिक्षण उर्दूत, घरची बोली मराठी. कागदावरची शिकवण अशा वस्तीत फार पुढे जात नाही. गाणे आणि तोंडी प्रश्नोत्तरेच पोचतात. जॉनचा भाऊ चार्ल्स वेस्ली याने सहा हजारांहून अधिक गीते लिहिली ती सिद्धान्त ओठांवर राहावा म्हणून. इंग्रजी चालीत कोंबलेल्या भाषांतरापेक्षा ते काम इथे नारायण वामन टिळकांची भजने चांगले करतात.

शिकवताना पहिली चूक 'वर्ग' या शब्दाने होते. वर्ग म्हटले की फळा आणि गुरुजी. प्रमुख तासभर बोलतो, अकरा जण ऐकतात. खरे तर त्याचे काम प्रत्येकाला विचारणे: या आठवड्यात तुझ्या हातून कोणाचे नुकसान झाले? कोणाचे भले केले? प्रार्थना चुकली का? दुसरी अडचण भावकीची. बाराही जण एकाच भावकीतले असले की सासऱ्यासमोर सून तोंड उघडत नाही. म्हणून बायकांचा गट वेगळा आणि प्रमुखही बाईच हवी.

सर्वांत जपून शिकवायचा तो कर्जाचा मुद्दा. बीडकडचा ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल घेतो ती पोटासाठी. वेस्लीची कर्जाची ओळ तेवढीच वाचली तर तो दोषी ठरतो आणि व्याज लावणारा सुटतो. आमच्या मते तीन नियम अढळ ठेवावेत, त्यांखालची यादी मात्र गटाने स्वतः करावी. पेनीच्या जागी मूठभर ज्वारी चालते. दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघाल्या की गावातला गट मोडतो. म्हणून प्रमुख पावसाळ्यातच तयार करावा, तोही टोळीबरोबर जाणाऱ्यांतलाच, म्हणजे उसाच्या फडावरच्या कोपीतही (झोपडीतही) बैठक चालू राहते.