मुंगीचा चावा, फॉर्मिक आम्ल आणि सोडा

'मुंगी किंवा मधमाशी चावली की अंगात फॉर्मिक आम्ल जातं, वर खायचा सोडा चोळा, आग थांबते.' शाळेपासून कानावर पडणारं हे वाक्य फार तर पाव खरं आहे.

फॉर्मिक आम्ल असतं, पण मुंग्यांच्या एका उपकुळात. गंमत म्हणजे या मुंग्यांना नांगीच नसते. त्या जबड्याने चावतात, पोट पायांमधून पुढे वळवतात आणि टोकाच्या बारीक छिद्रातून आम्लाची पिचकारी थेट जखमेवर मारतात. त्याच वासाने आसपासच्या मुंग्या सावध होतात. शस्त्र तेच, भोंगाही तोच.

लाल अग्निमुंगीला नांगी असते, पण तिच्या विषात ९० टक्क्यांहून जास्त अल्कलॉइड्स असतात, म्हणजे आम्लाच्या उलट, अल्कधर्मी रसायनं. मधमाशीच्या सुकवलेल्या विषाचा निम्म्याच्या आसपास भाग मेलिटिन, म्हणजे एक छोटं प्रथिन. ते पेशींची आवरणं फोडतं, म्हणून ठणका.

आता सोडा. विष कातडीच्या आत, सोडा बाहेर. आणि दुखणं मुळात आम्लाचं नसेल, तर तो मारणार काय? मधमाशीची नांगी मात्र लगेच काढा, नखाने खरवडून किंवा चिमटीत धरून, कशीही. तुटल्यावरही तिची पिशवी विष आत ढकलत राहते.