रेस कंडिशन : वापरकर्त्याचे इनपुट आणि डीबगरचे आदेश

दोन घटनांपैकी आधी कोणती घडते यावर प्रोग्रॅमचा निकाल अवलंबून असेल आणि तो क्रम कुणी बांधून दिलेला नसेल, तर त्या दोषाला रेस कंडिशन म्हणतात. डीबगर म्हणजे चालू प्रोग्रॅम हवा तिथे थांबवून त्यातल्या चुका शोधण्याचे साधन. त्यात ही शर्यत माणसाने दिलेला आदेश आणि प्रोग्रॅम थांबल्याची किंवा सुटल्याची वर्दी यांच्यात लागते.

समजा, सोलापुरातली एखादी विद्यार्थिनी चादरीच्या यंत्रमागावरचे बाणे (आडवे धागे) मोजणारा सी भाषेतला प्रोग्रॅम जीडीबी या डीबगरमध्ये तपासते आहे. (रिचर्ड स्टॉलमन यांनी 1986 मध्ये लिहिलेला हा डीबगर आजही अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळांत चालतो.) प्रोग्रॅम नक्षीचा क्रमांक मागतो. ती 12 टाइप करते, पण तेवढ्यात ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम थांबवण्यासाठी ठरवलेली जागा) लागलेला असतो. टर्मिनल एकच. प्रोग्रॅम चालू असेपर्यंत जीडीबी ते त्याच्या हाती देतो आणि तो थांबला की परत घेतो. त्यामुळे 12 हा आकडा जीडीबीकडे जातो आणि असा आदेश नाही म्हणून परत येतो. नुसते एंटर दाबले तर जास्त घोटाळा होतो, कारण रिकामी ओळ मिळाली की जीडीबी बहुतेक वेळा मागचाच आदेश पुन्हा चालवतो. मागचा आदेश ‘कंटिन्यू’ (पुढे चालू दे) असेल, तर जिथे थांबायचे होते ती जागा निघून जाते. याच्या उलट, घाईने टाइप केलेला ‘नेक्स्ट’ (पुढची ओळ चालव) हा आदेश चालू प्रोग्रॅम स्वतःचे इनपुट म्हणून गिळून टाकतो. यावर उपाय सोपा आहे : ‘टीटीवाय’ आदेशाने प्रोग्रॅमला वेगळे टर्मिनल द्यावे किंवा त्याचे इनपुट फाइलमधून वळवावे.

बटणे दाबून चालवायच्या डीबगरमध्ये दोष खोलवर असतो. पडद्यावर ‘थांबला आहे’ असे दिसते, वापरकर्ता ‘स्टेप’ (एक पायरी पुढे) दाबतो, पण दुसऱ्या एका आदेशाने प्रोग्रॅम केव्हाच पुढे गेलेला असतो. म्हणजे आदेश जुन्या स्थितीवर बेतलेला आणि लागू मात्र नव्या स्थितीला. इथे बरेच जण अर्ध्या सेकंदाची विश्रांती घालून मोकळे होतात. तो उपाय नव्हे. त्याने दोष विरळ होतो आणि म्हणूनच सापडायला अधिक अवघड. धोट्याच्या, म्हणजे बाण्याचा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या साधनाच्या, मागात हा प्रश्न फार आधी नीट सुटला आहे. धोटा पेटीत पोचण्याआधी बाणा घट्ट बसवणारी फणी ठोकली गेली, तर तो ताण्यात (उभ्या धाग्यांत) अडकून धागे तोडतो. म्हणून मागाचा अटकाव वेळ मोजत बसत नाही. धोटा आला की नाही हे तो प्रत्येक फेकीला पाहतो आणि आला नसेल तर माग जागीच थांबवतो.

प्रोग्रॅममध्येही तेच करावे. बटणांचे आदेश आणि डीबगरच्या वर्द्या एकाच रांगेत घालून एकाच थ्रेडने (प्रोग्रॅममधल्या कामाच्या एका स्वतंत्र ओघाने) हाताळाव्यात. प्रत्येक थांब्याला चढता क्रमांक द्यावा आणि आदेशासोबत तो ज्या थांब्यावर बेतला आहे त्याचा क्रमांक पाठवावा. क्रमांक जुळला नाही, तर आदेश टाकून देऊन पडदा ताजा करावा. ही तपासणी आणि आदेशाची अंमलबजावणी यांच्यामध्ये दुसरे काहीही शिरता कामा नये. डीबग अडॅप्टर प्रोटोकॉलमध्ये (कोड लिहिण्याचे साधन आणि डीबगर यांच्यातल्या संवादाच्या ठरलेल्या पद्धतीत) संदेशांना क्रमांक असतात, पण त्यांतून एवढेच कळते की कोणते उत्तर कोणत्या विनंतीचे. विनंती कोणत्या थांब्याची, हे नोंदवणे लिहिणाऱ्यावरच राहते.

कंट्रोल-सीचा प्रकार निराळा. या कळा दाबल्या की प्रोग्रॅमला थांबण्याचा सिग्नल जातो. सिग्नल आला का हे पाहणे आणि इनपुटची वाट पाहत झोपणे, या दोन पायऱ्यांच्या फटीत सिग्नल आला तर प्रोग्रॅम झोपूनच राहतो. या दोन्ही पायऱ्या एकत्र करणारी ‘पीसिलेक्ट’ ही सिस्टिमची सोय ही फट बुजवते. लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्स या प्रणालीच्या गाभ्यात) ती 2.6.16 या आवृत्तीत आली. त्याआधीची लायब्ररीतली नक्कल स्वतःच या शर्यतीत सापडत असे.

इनपुटच्या शर्यतीकडे किरकोळ म्हणून पाहू नये. थेरॅक-25 या किरणोपचार यंत्रावर 1985 ते 1987 दरम्यान सहा ज्ञात अपघात झाले आणि रुग्ण दगावले. त्यांतल्या टेक्सासमधील अपघातांत, चुंबके जागेवर येत असतानाच्या सुमारे 8 सेकंदांत चालकाने पडद्यावर केलेली दुरुस्ती प्रोग्रॅमच्या नजरेतून सुटली होती.

दुरुस्ती खरी झाली का हे पाहायचे, तर संशयित फटीत मुद्दाम मोठा विलंब घालून दोष हमखास घडवता येतो का ते आधी पाहावे. मग तोच विलंब ठेवून दुरुस्त प्रोग्रॅम चालवावा. ब्रेकपॉइंट लावल्याने वेळा बदलून दोष लपू शकतो. अशा वेळी नोंदी मेमरीत साठवाव्यात किंवा मोझिला या संस्थेत सुरू झालेल्या ‘आरआर’ या साधनाने प्रोग्रॅमची संपूर्ण धाव नोंदवून ठेवून ती हवी तितक्यांदा जशीच्या तशी चालवावी.