‘वायफाय गेलंय’ आणि ‘नेट गेलंय’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत

गेल्या जुलैतली गोष्ट. लालबागला आमच्याच मजल्यावर राहणाऱ्या काकूंनी संध्याकाळी दार वाजवलं. लेकीचा प्रवेशाचा फॉर्म भरायचा होता, मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती आणि कॉम्प्युटरवर एकही पान उघडत नव्हतं. “वायफायला फुल रेंज आहे रे, माझ्या मोबाइलवर सगळं चालतंय. म्हणजे कॉम्प्युटरच गेला ना?” एका रिपेअरवाल्याने तर फोनवरच सांगून टाकलं होतं की वायफायचं कार्ड उडालंय, विंडोज नव्याने टाकावं लागेल, मशीन घेऊन या. त्या मशीनमध्ये लेकीच्या दोन वर्षांच्या नोट्स होत्या आणि त्यांची दुसरी कॉपी कुठेच नव्हती.

कार्ड ठणठणीत होतं, विंडोजही. वायफाय चालू होतं आणि नेट बंद होतं, एवढीच गोष्ट. पण हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो आणि त्यापायी माणसं चांगली मशीन फॉरमॅट करून बसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

पाण्याच्या बाबतीत मुंबईकर असा घोळ कधी घालत नाही. नळ कोरडा गेला की आपण आधी शेजारी विचारतो, “तुमच्याकडे येतंय का?” तिथे धो धो येत असेल तर दोष आपल्या नळात किंवा पाइपात. तिथेही नसेल तर गच्चीवरची टाकी, पंप, नाहीतर थेट पालिकेची लाइन. वायफाय हा घरातला नळ आणि पाइप. इंटरनेट म्हणजे तानसा-भातसाहून येणारं पाणी. वायफायची फुल रेंज म्हणजे नळ पूर्ण उघडा आहे, बस. टाकीत पाणी आहे का, हे नळाला कळत नाही.

वायफाय म्हणजे राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंतचा रेडिओ लहरींचा प्रवास. वन रूम किचनमध्ये हा प्रवास दहा-पंधरा फुटांचा असतो. स्क्रीनच्या कोपऱ्यातली ती पंख्यासारखी खूण फक्त या दहा-पंधरा फुटांबद्दल बोलते. पटत नसेल तर एक करून बघा. घरात फायबरचा डबा (बाहेरून आलेली कंपनीची वायर ज्यात शिरते तो) आणि राउटर वेगवेगळे असतील, तर त्या दोघांना जोडणारी जाड लॅन केबल दोन मिनिटं काढून ठेवा. नेट जाईल, रेंज मात्र जशीच्या तशी फुल राहील. तेवढ्यात विंडोज ‘नो इंटरनेट’ असं लिहील किंवा पंख्याच्या जागी पृथ्वीचा गोल दाखवेल. हे त्याला रेंजवरून कळत नाही. ते मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून एक चिमुकली फाइल मागवून बघतं, ती आली नाही की बाहेरची वाट बंद आहे असं धरतं. म्हणून रेंजपेक्षा या दोन शब्दांवर जास्त विश्वास ठेवा.

इंटरनेट राउटरच्या पलीकडे सुरू होतं. फायबरच्या डब्यातून निघालेली केसासारखी काच भिंतीवरून, जिन्यातून, कधी या गच्चीवरून त्या गच्चीवर जाते. तिथून कंपनीच्या एक्स्चेंजला, पुढे शहराबाहेर, आणि परदेशातली साइट असेल तर समुद्राखालून. त्यातल्या बऱ्याच समुद्री केबल आपल्या वर्सोव्याच्या किनाऱ्यावरच जमिनीला लागतात. ३० जानेवारी २००८ला इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ अशा केबल तुटल्या आणि भारतातलं नेट रडतखडत चालू लागलं. त्या दिवशीही ज्यांच्या घरी वायफाय होतं त्यांची रेंज फुलच असणार, कारण घरातल्या राउटरचा अलेक्झांड्रियाशी काही संबंध नाही.

मुळात हे दोन्ही एकत्र आलेच नव्हते. १५ ऑगस्ट १९९५ला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुलं केलं, तेव्हा वायफाय हे नावच जन्माला आलं नव्हतं. ते आलं १९९९मध्ये. टेलिफोनची तार थेट मोडेममध्ये, मोडेम कॉम्प्युटरला. लागलं तर लागलं, नाहीतर पुन्हा डायल. तार डोळ्यांना दिसायची, त्यामुळे कुठे अडलंय याचा अंदाज यायचा. पुढे घरातली शेवटची तार गेली, आणि दिसेनाशी झालेली तार व तिच्यातून येणारं नेट यांना आपण एकच नाव देऊन टाकलं.

आता काकूंचा मोबाइल. तो कसा चालत होता? बऱ्याच फोनना वायफायमधून नेट येत नाही असं दिसलं की ते न सांगता सिमकार्डच्या डेटावर जातात. काकूंचं व्हॉट्सॲप त्यावर चाललं होतं. म्हणजे “शेजाऱ्याकडे पाणी आहे” हा पुरावाच खोटा होता, शेजाऱ्याने टँकर मागवला होता. म्हणून दुसऱ्या यंत्रावर तपासताना मोबाइल डेटा आधी बंद करा आणि मगच एखादं पान उघडा. मी काकूंचा डेटा बंद केला आणि फोनही थांबला. दोन्ही यंत्रं अडली म्हणजे कॉम्प्युटर सुटला. मग डबा पाहिला. तो खिडकीवर, पडद्यामागे. त्यावर ‘लॉस’ असं लिहिलेला दिवा लाल लुकलुकत होता. हा शब्द इंग्रजी ‘तोटा’ नव्हे, तीन आद्याक्षरं आहेत. अर्थ एवढाच की काचेतून प्रकाशच येत नाही. दुपारी पावसाची झड आत येत होती म्हणून काकूंनी सरकती खिडकी दाबून बंद केली होती, आणि फायबर तिच्या फटीतूनच आत आलं होतं. काच चिमटली की आतला प्रकाश वळणावर बाहेर सांडतो. खिडकी चार बोटं उघडली, वायर हलकेच सरळ केली. लाल दिवा विझला, मिनिटभराने हिरवा स्थिर झाला आणि लेक फॉर्म भरायला बसली. आता त्या चौकटीवर स्केचपेनची एक रेघ आहे, खिडकी तिथवरच लावायची. प्रत्येक वेळी फायबर असं वाचत नाही, कधी आतल्या आत तुटतं. मग कंपनीचा माणूसच हवा. आणि तुटलेल्या टोकात डोळा घालून बघू नका, त्यातला लेझर दिसत नाही पण डोळ्याला इजा करू शकतो.

उलटं उदाहरणही त्याच बिल्डिंगमधलं. खालच्या मजल्यावरचा मुलगा चार दिवस कंपनीला फोन करत होता, “नेट नाही.” तिकडून रोज एकच उत्तर, “सर, तुमची लाइन क्लिअर आहे.” दोघंही खरं बोलत होते. घरातले फोन डेटा बंद करूनही व्यवस्थित चालत होते, फक्त त्याच्या जुन्या डेस्कटॉपला घरचं वायफाय यादीतच दिसत नव्हतं. घरचं वायफाय साधारणपणे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतं. राउटर नवा होता आणि तो बसवताना त्यातलं फक्त ५ चं वायफाय चालू ठेवलं होतं. डेस्कटॉपला लावलेला डोंगल, म्हणजे वायफाय पकडणारा छोटा तुकडा, जुना, त्याला २.४ च्या पलीकडचं ऐकूच येत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ चालू केलं, नाव दिसलं. २.४ ची लहर जाड भिंतीतूनही जास्त लांब पोचते, ५ ची वेगवान पण भिंतीला लवकर थकते. आतल्या खोलीत नेट “जातंय-येतंय” असं वाटत असेल, तर लाइनला दोष देण्याआधी राउटरशेजारी बसून बघा. तिथे नीट चाललं तर तो वायफायचा प्रश्न आहे. आणखी खात्री हवी असेल तर लॅन केबल थेट राउटरमधून कॉम्प्युटरला लावा. केबलवर चालतं आणि हवेवर नाही, मग कंपनीला फोन करण्यात अर्थ नाही.

थोडं टाइप करायची तयारी असेल तर निदान आणखी पक्कं होतं. विंडोजची काळी खिडकी, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि आयपीकॉन्फिग (ipconfig) हा शब्द इंग्रजी अक्षरांत सलग टाइप करा. त्यात आयपीव्ही४ची ओळ शोधा. आकडा १९२.१६८ ने सुरू होत असेल (काही घरांत १० ने), तर राउटरने कॉम्प्युटरला पत्ता दिला आहे, घरातली वाट शाबूत. १६९.२५४ दिसला तर राउटरने उत्तरच दिलं नाही आणि कॉम्प्युटरने स्वतःच स्वतःला पत्ता देऊन वेळ मारून नेली आहे. तेव्हा ते वायफाय ‘फर्गेट’ करून पासवर्ड टाकून पुन्हा जोडा, राउटर बंद-चालू करा. पत्ता बरोबर असेल तर पिंग ८.८.८.८ देऊन बघा. हा गुगलच्या सर्व्हरचा पत्ता आहे. चार ओळींत ‘रिप्लाय’ आला म्हणजे नेट घरात पोचलंय. आणि तरीही साइट उघडत नसेल तर नावाचा आकडा करून देणारी सेवा, डीएनएस, अडली आहे. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी हाच ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाकला की बहुतेकदा सुटतं.

एका तिसऱ्याच कारणाने मी स्वतः एकदा तासभर अडकलो होतो. वायफाय चालू, नेट चालू, आणि ब्राउझर मात्र प्रत्येक साइटला ‘कनेक्शन प्रायव्हेट नाही’ म्हणून अडवत होता. कोपऱ्यातली तारीख कित्येक वर्षं मागे गेली होती, त्यामुळे साइटची प्रमाणपत्रं त्याला खोटी वाटत होती. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल संपला होता. नाक्यावरच्या घड्याळवाल्याकडे तो मिळाला. तारीख बरोबर केली आणि झालं.

बंद-चालू करायचंच असेल तर क्रमाने करा. आधी फायबरचा डबा, त्याचे दिवे स्थिर झाले की राउटर, शेवटी कॉम्प्युटर. राउटरच्या पाठीमागे टाचणी जाईल एवढं एक भोक असतं, त्यात मात्र काही खुपसू नका. ते रिस्टार्ट नव्हे, रिसेट. त्याने कंपनीने भरलेलं युजरनेम-पासवर्ड पुसलं जाऊ शकतं, आणि मग नुसतं वायफाय गेलेलं असलं तरी त्यासोबत नेटही जातं.

कंपनीला फोन कराल तेव्हा “वायफाय चालत नाही” असं म्हणू नका. पलीकडची मुलगी तुम्हाला राउटर बंद-चालू करायला लावते आणि दहा मिनिटं त्यात जातात. “लॉसचा दिवा लाल आहे, घरातली तिन्ही यंत्रं बंद आहेत, डेटा बंद करून पाहिलंय,” असं सांगा. शक्य असेल तर शेजारच्या विंगमध्ये त्याच कंपनीचं कुणाचं चालू आहे का तेही विचारून ठेवा. तिथेही बंद असेल तर दोष तुमच्या खिडकीत नाही, बिल्डिंगच्या पेटीत किंवा तिच्याही पुढे आहे. मग तक्रारीचा नंबर लिहून घ्या आणि घरातल्या वायरींना हात लावू नका.