बोनस, परवाना आणि खुशीचा मामला

ठरलेल्या पगारापलीकडे कामाचा वाजवी मोबदला किती आणि त्यावर हक्क कोणाचा, हा वाद संगणक येण्याच्या कितीतरी आधी गिरणगावात होऊन गेला आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या आणि नंतरच्या तेजीत मुंबईच्या गिरणीमालकांनी सलग काही वर्षे बोनस दिला, १९२३ साली तो नाकारला आणि जानेवारी १९२४ मध्ये संप झाला. वर्षानुवर्षे मिळत आला एवढ्यावरून बोनसवर कायद्याने वा रूढीने हक्क सांगता येत नाही, असा निर्वाळा सरकारने नेमलेल्या समितीने दिला. ही ‘खुशी’ कायदेशीर देणे ठरायला १९६५ साल उजाडले.

मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही वापरता आणि बदलता येतो असे सॉफ्टवेअर, आजही त्या १९२४च्याच टप्प्यावर आहे, फक्त अपेक्षेची दिशा उलटली आहे. कोड ‘आहे तसा’ दिला आहे, हमी कसलीही नाही, असे बहुतेक परवाने स्पष्ट सांगतात. तरीही वापरणाऱ्यांना दुरुस्ती तातडीने हवी असते. २०१४ साली इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त राखणाऱ्या ओपनएसएसएल या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये गंभीर त्रुटी सापडली, तेव्हा जगभरच्या व्यवहारांचा भार वाहणाऱ्या या प्रकल्पाला वर्षाकाठी जेमतेम दोन हजार डॉलर देणग्या मिळत होत्या. बड्या कंपन्यांनी निधी उभारला तो त्यानंतर, आणि तोही खुशीनेच.

सर्वाधिक वादग्रस्त ठरला तो जानेवारी २०२२ मधला निर्णय. बड्या कंपन्यांसाठी यापुढे फुकट राबणार नाही, असे २०२० मध्येच जाहीर केलेल्या एका लेखकाने ‘कलर्स’ या आपल्या लायब्ररीत, म्हणजे इतर प्रकल्प आयता वापरतात अशा कोडमध्ये, न संपणारे लूप (त्याच आज्ञा पुन्हा पुन्हा चालवणारा कोड) घातले. नवी आवृत्ती आपोआप उचलणाऱ्या प्रकल्पांच्या पडद्यावर ‘लिबर्टी’ हा शब्द आणि त्याखाली निरर्थक चिन्हांच्या ओळी धावू लागल्या. कोड साठवणाऱ्या मंचाने त्याचे खाते काही काळ गोठवले. हजारो प्रकल्प ठप्प करणे समर्थनीय नव्हते, हे खरेच. परंतु परवान्याने हमी नाकारली असताना नेमका कोणता करार मोडला, याचे समाधानकारक उत्तर तेव्हा कोणी दिले नाही. त्याने आधी मांडलेल्या मागणीची दखल मात्र एवढ्या तत्परतेने घेतली गेली नव्हती.

पवई किंवा अंधेरीत नोकरी करून रात्री असा कोड लिहिणाऱ्याची अडचण आणखी वेगळी आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. घरी, फावल्या वेळात लिहिलेले त्यात मोडते की नाही, हे बऱ्याचदा नेमणूकपत्रातल्या एखाद्या मोघम कलमावर अवलंबून राहते. मोबदल्याचा प्रश्न त्यानंतरचा.

युरोपीय संघाच्या २०२४च्या सायबर सुरक्षा कायद्याने व्यापारी हेतूविना कोड देणाऱ्याला वगळून उत्पादन विकणाऱ्यावर जबाबदारी टाकली आहे. त्यातली मुख्य बंधने डिसेंबर २०२७ पासून लागू होतील आणि तिथे माल विकणाऱ्या इथल्या कंपन्यांनाही ती पाळावी लागतील. कोड लिहिणाऱ्याला काही द्यावे, असे मात्र त्यातले एकही कलम सांगत नाही.