लिमिट स्विचची पॅरलल पोर्टला जोडणी

घरी बनवलेल्या सीएनसी यंत्रात, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने कापणाऱ्या यंत्रात, अक्षाच्या दोन्ही टोकांना बसवलेले लिमिट स्विच संगणकाच्या पॅरलल म्हणजेच प्रिंटर पोर्टला जोडण्याची पद्धत. साध्या स्टेपर मोटरला स्वतःची जागा कळत नाही. संगणक पल्स पाठवत राहतो आणि मोटर तेवढी फिरली असे धरून चालतो. शून्यबिंदू चुकला किंवा मोटरची पावले सुटली, की गॅन्ट्री (हत्यार वाहून नेणारा सरकता सांगाडा) टोकाला जाऊन आदळते. ती त्याआधी थांबावी म्हणून हे स्विच लागतात.

पंचवीस पिनांच्या या पोर्टमध्ये बाहेरून संकेत घेणाऱ्या पिना पाचच असतात : १०, ११, १२, १३ आणि १५. त्यांची स्थिती पोर्टच्या मूळ पत्त्याच्या पुढच्या रजिस्टरमधून वाचता येते. पिन ११ तेवढी उलटी वाचली जाते. १८ ते २५ या पिना ग्राउंडच्या. तीन अक्षांचे मिळून सहा स्विच होतात, शिवाय आपत्कालीन बटणालाही एक पिन हवी. म्हणून सहाही स्विच एकामागे एक, सिरीजमध्ये, जोडून एकाच पिनेवर आणतात. कोणता स्विच दाबला गेला हे अशा जोडणीत कळत नाही, पण यंत्र थांबवायला तेवढे पुरते.

स्विचचे ‘कॉमन’ आणि ‘एनसी’ (नॉर्मली क्लोज्ड) हेच टर्मिनल वापरावेत. एनसी संपर्क एरवी मिटलेला असतो आणि स्विच दाबल्यावर उघडतो. साखळीचे एक टोक ग्राउंडला, दुसरे पिनेला आणि पिनेपासून ५ व्होल्टपर्यंत १ ते ४.७ किलोओहमचा पुल-अप रोध (साखळी उघडताच पिनेला ५ व्होल्टवर ओढणारा), अशी ही रचना असते. सर्व ठीक असताना पिनेवर शून्य व्होल्ट असतात. साखळी कुठेही उघडली की ५ होतात. वायर तुटली, टर्मिनलचा स्क्रू सैल पडला, प्लग निघाला, तरी यंत्र थांबते. ‘एनओ’ (नॉर्मली ओपन, म्हणजे एरवी उघडा संपर्क) जोडणीत मात्र तुटलेली वायर गप्प राहते आणि तिचा पत्ता धडक बसल्यावरच लागतो. यंत्र सारखे हलत असते, वायर त्याच जागी पुन्हा पुन्हा वाकते, म्हणून हा फरक जपायलाच हवा. एक धोका मात्र एनसी जोडणीतही उरतो : पिनेकडची वायर सोलवटून ग्राउंडला चिकटली, तर स्विच दाबूनही संकेत बदलत नाही. वायरची वाट नीट आखणे आणि अधूनमधून प्रत्येक स्विच हाताने दाबून पाहणे हाच त्यावर उपाय.

कोणीही स्विचला हात न लावता यंत्र मध्येच थांबू लागले, तर आधी विद्युत गोंगाटाचा संशय घ्यावा. स्पिंडल (हत्यार फिरवणारा भाग) आणि मोटरच्या केबलशेजारून गेलेली लांब वायर अँटेनासारखी वागते. शील्डेड केबल वापरून शील्ड एकाच टोकाला ग्राउंड करतात, पिनेजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावतात आणि सॉफ्टवेअरमध्ये डिबाउन्सचा काळ (संकेत किती वेळ टिकला तर खरा मानायचा तो) थोडा वाढवतात. याहून भरवशाचा मार्ग म्हणजे साखळी १२ किंवा २४ व्होल्टवर चालवून ऑप्टोकपलरमार्गे (प्रकाशाने संकेत पोचवून दोन बाजू विजेने वेगळ्या ठेवणाऱ्या भागामार्गे) पोर्टला संकेत देणे. बाहेरचा जास्त व्होल्टेज पोर्टच्या चिपपर्यंत पोचत नाही, हा त्याचा मोठा लाभ. पिनेला थेट १२ व्होल्ट लागले तर पोर्ट जळू शकतो.

मॅक३ किंवा लिनक्ससीएनसी या यंत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पिनचा क्रमांक आणि संकेताची दिशा (स्विच दाबल्यावर व्होल्टेज चढतो की उतरतो) नोंदवावी लागते. होमिंगसाठी (अक्ष टोकाला नेऊन शून्यबिंदू ठरवण्यासाठी) हेच स्विच वापरता येतात. त्यासाठी एकेक अक्ष वेगळा चालवतात आणि तेवढ्यापुरते लिमिटकडे दुर्लक्ष करण्याची सोय चालू ठेवतात. पहिली चाचणी मोटरची वीज बंद ठेवून, स्क्रीनवरचा दिवा पाहत, बोटाने स्विच दाबूनच करावी. आपत्कालीन बटण मात्र फक्त संगणकावर सोपवू नये. त्याने मोटर ड्रायव्हरची आणि स्पिंडलची वीज थेट तुटली पाहिजे.