फ्रंटियर रोमान्स : अमेरिकी पश्चिमेच्या ऐतिहासिक प्रेमकादंबरीचे लेखन

मिसिसिपी नदीपलीकडे गोऱ्या वसाहतींची सीमा सरकत गेली त्या काळातली, म्हणजे साधारण 1840 ते 1890 या अर्धशतकातली, प्रेमकथा सांगणारा अमेरिकी कादंबरीप्रकार. वेस्टर्न हा त्याचा जवळचा भाऊबंद. घोडे, पिस्तुले, धुळीने भरलेली एका रस्त्याची गावे दोन्हीकडे असतात. वेस्टर्नमध्ये मात्र नायक वैऱ्याचा हिशेब चुकता करतो आणि जमलेच तर लग्न करतो. फ्रंटियर रोमान्समध्ये दोघांचे नाते हाच कथेचा कणा असतो, आणि शेवटी ती दोघे एकत्र राहणार याची हमी वाचकाला पहिल्या पानापासून असते. ही हमी मोडणारी कादंबरी कितीही चांगली असली तरी या प्रकारात धरली जात नाही.

1890 च्या जनगणनेच्या अहवालात सलग सीमारेषा आता दाखवता येत नाही अशी नोंद झाली. फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या तरुण इतिहासकाराने 1893 मध्ये शिकागोत निबंध वाचला आणि अमेरिकी स्वभाव या सीमेनेच घडवला अशी मांडणी केली. त्या निबंधात ट्रॅपर (फासे लावून कातडीसाठी जनावरे पकडणारे), व्यापारी, गुरे राखणारे, शेतकरी असे सगळे क्रमाने येतात. स्त्रिया जवळजवळ नाहीतच. प्रेमकादंबरीकारांना बरीच मोकळी जमीन मिळाली ती इथे.

पूर्वपीठिका : ‘डाइम नॉव्हेल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दहा सेंटांच्या पुस्तकांची सुरुवात 1860 मध्ये बीडल प्रकाशनाने केली. त्या मालेतले पहिलेच पुस्तक, ‘मालेस्का’, अॅन स्टीव्हन्स या बाईंचे होते, आणि त्याचा विषय होता गोऱ्या शिकाऱ्याची मूळनिवासी पत्नी. नवरा मारला जातो. सासरचे लोक मुलाला ठेवून घेतात, पण आईने आपली ओळख लपवावी अशी अट घालतात. म्हणजे स्वस्त वेस्टर्नचा उगम पिस्तुलबाजीत नसून एका संसाराच्या गोष्टीत आहे. हे वेस्टर्नच्या चाहत्यांना फारसे सांगितले जात नाही. हेलन हंट जॅक्सन यांच्या ‘रमोना’ने (1884) कॅलिफोर्नियातल्या मूळनिवाशांची होरपळ प्रेमकथेतून मांडली. वाचकांनी प्रेमकथा उचलली, होरपळ बाजूला ठेवली, आणि नायिकेच्या कल्पित जागा पाहायला पर्यटकांच्या झुंडी जाऊ लागल्या. या दोन्ही कथा शोकान्त आहेत. आजच्या निकषावर दोन्ही नापास.

ओवेन विस्टर यांच्या ‘द व्हर्जिनियन’ने (1902) पूर्वेकडून वायोमिंगला आलेली शिक्षिका आणि अबोल काउबॉय ही जोडी पक्की केली. ती जोडी अजून निवृत्त झालेली नाही. बी. एम. बोवर या आद्याक्षरांमागे मोंटानातल्या बर्था मझी होत्या, हे त्या काळच्या कित्येक वाचकांना ठाऊक नव्हते. 1924 ते 1971 या काळात ‘रँच रोमान्सेस’ हे नियतकालिक चालले. लगदा-कागदावर छापल्या जाणाऱ्या इतर स्वस्त नियतकालिकांनी माना टाकल्यावरही ते तगून राहिले, कारण त्याला दोन्ही प्रकारचे वाचक होते. 1970 च्या दशकात जाडजूड ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्यांची लाट आली आणि पश्चिमेची पार्श्वभूमी तिच्यात सामावली गेली. 1979 मध्ये जॅनेट ओक या कॅनडातल्या लेखिकेच्या ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ने श्रद्धाळू ख्रिस्ती वाचकांसाठी वेगळी वाट काढली. गरोदर विधवा, लहान मुलगी असलेला विधुर, केवळ सोयीसाठी केलेले लग्न आणि वसंतात परत जाण्याचा करार, एवढ्यावर ती कादंबरी उभी आहे.

लग्न आधी, प्रेम नंतर : सोयीचे लग्न ही या प्रकाराची सर्वांत लाडकी युक्ती. मराठी वाचकाला तिचे नवल वाटायचे कारण नाही, पण अमेरिकी समीक्षक तिला बऱ्याचदा ओढूनताणून आणलेली म्हणतात. जमिनीचे कायदे वाचले की ती तशी वाटत नाही.

ओरेगॉनसाठी 1850 मध्ये झालेल्या जमीनदान कायद्याने तिथे आधीच राहत असलेल्या एकट्या गोऱ्या पुरुषाला 320 एकर आणि जोडप्याला 640 एकर जमीन देऊ केली. त्यातली अर्धी बायकोच्या स्वतःच्या नावावर. लग्नाला मुदत होती. तेव्हा लग्न केले की जमीन दुप्पट, आणि ज्या प्रदेशात अविवाहित बायका मोजक्याच तिथे त्यांना एकदम भाव आला. कोवळ्या वयातल्या मुलींचीही लग्ने उरकली गेली. आजची कादंबरी इथे गुपचूप वय वाढवते. नायिका बावीस-तेवीस वर्षांची, तिला स्वतःचे मत, आणि कराराच्या कागदावर तिचीच एखादी अट. हा बदल समजण्यासारखा आहे. फक्त लेखिकेने तो जाणून केलेला असावा.

1862 च्या होमस्टेड कायद्याने 160 एकर, म्हणजे सुमारे 65 हेक्टर, जमीन जवळजवळ फुकट दिली. अट अशी की पाच वर्षे तिथे राहायचे, घर बांधायचे, जमीन कसायची. एकवीस वर्षांवरची अविवाहित स्त्री, विधवा किंवा घटस्फोटिता आपल्या नावाने दावा लावू शकत होती. नवऱ्यासोबत नांदणारी बायको सहसा नाही. कथेचा ताण इथे आयता हाती येतो. स्वतःच्या नावावर जमीन होत असताना ती लग्न का करील? आणि केले तर कधी? एलिनोर प्रुइट स्ट्युअर्ट हे याचे खरेखुरे उदाहरण. त्या 1909 मध्ये लहान मुलीला घेऊन डेन्व्हरहून वायोमिंगला एका विधुराच्या घरी कामाला गेल्या, शेजारच्या जमिनीवर दावा लावला, आणि काही आठवड्यांतच मालकाशी लग्न केले. आपल्या जुन्या मालकिणीला लिहिलेल्या पत्रांत त्यांनी ही बातमी बराच काळ दिली नाही. ती पत्रे 1914 मध्ये पुस्तकरूपाने आली. एकट्या बाईने शेत उभे करण्याचा त्यातला उत्साह अस्सल आहे आणि लपवाछपवीही तितकीच अस्सल. असे पात्र कल्पनेने रचायला बसले तर संपादक ‘पटत नाही’ म्हणून परत पाठवील.

टपालाने ठरवलेली वधू मात्र कादंबऱ्यांनी वारेमाप वापरली आहे. लग्नाच्या जाहिराती छापणारी वृत्तपत्रे निघत होती, पत्राने लग्ने ठरतही होती. पण या सगळ्या कादंबऱ्यांतल्या वधू खरोखर आल्या असत्या तर आगगाडीत दुसऱ्या कुणाला जागा मिळाली नसती. संघटित प्रयत्नांची खरी उदाहरणे लहान आणि जास्त रंजक आहेत. एसा मर्सर याने 1864 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेल परिसरातून अकरा तरुणी पनामामार्गे सिअॅटलला आणल्या. यादवी युद्धामुळे कापूस येईना, गिरण्या थंडावल्या होत्या, आणि या मुलींना शिक्षिकेची नोकरी हे मुख्य आमिष होते. सांता फे रेल्वेच्या वाटेवरच्या फ्रेड हार्वेच्या खाणावळींनी 1883 पासून वाढपी म्हणून तरुणी नेमल्या. करार संपेपर्यंत लग्न करायचे नाही ही त्यांना अट होती, त्यामुळे कादंबरीकाराला पहिल्याच प्रकरणात अडथळा तयार मिळतो.

तपशील आणि त्याची साधने : या प्रकारात वाचकाच्या हाती लेखक सापडतो तो बहुतेक वेळा अंतरामुळे. घोडा दिवसभर चौखूर उधळत नाही. चाल आणि दुडकी मिळून दिवसाला पन्नास-साठ किलोमीटर झाले तरी पुष्कळ, आणि दुसऱ्या दिवशी त्याला विसावा लागतो. बैलजोड्यांच्या गाड्यांचा तांडा दिवसाला पंचवीसेक किलोमीटर जाई. ओरेगॉनची सुमारे 3,200 किलोमीटरची वाट पार करायला चार ते सहा महिने लागत. गाडीत पीठ, खारवलेले मांस, अवजारे आणि पेट्या खचाखच भरलेल्या. माणसे बहुतांशी पायी चालत. त्या कापडी छताखाली रंगवलेले एकान्ताचे प्रसंग वाचताना, पिठाची पोती नेमकी कुठे सरकवली हा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. वाटेवर मरण यायचे ते बहुधा पटकीने, नदी ओलांडताना किंवा चाकाखाली येऊन. हल्ल्यांचे बळी त्या मानाने फार कमी.

गवताळ मैदानात लाकूड नाही. म्हणून नेब्रास्का-कॅन्ससमध्ये मुळांसकट कापलेल्या गवताळ मातीच्या विटांची घरे बांधत. छपरातून माती गळे, पावसानंतर दोन दिवस चिखल ठिबके, कधी साप पडे. बायका आढ्याखाली मांजरपाटाचे कापड ताणून बांधत. चुलीत रानबैलांच्या वाळक्या गोवऱ्या जात. सॉलोमन बुचर याने 1886 पासून नेब्रास्काच्या कस्टर काउंटीत अशा घरांसमोर कुटुंबांना उभे करून काढलेली छायाचित्रे आज सहज पाहायला मिळतात. त्या बायकांचे कपडे आणि चेहरे पाहिले की पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरचे रेशीम खटकू लागते.

सर्वांत मोलाचे आणि सर्वांत कमी वापरलेले साधन म्हणजे होमस्टेडच्या दाव्यांच्या फायली. पाच वर्षांनी मालकी मागताना दावेदाराला जबाब द्यावा लागे आणि दोन शेजाऱ्यांची साक्ष लागे. घर किती लांब-रुंद, दारे-खिडक्या किती, विहीर आहे का, किती एकर नांगरली, मध्ये जमीन सोडून कुठे गेला होतात आणि का. आपल्याकडच्या पंचनाम्यासारखाच हा कागद, आणि गैरहजेरीच्या कारणांत आजारपण, मजुरी, बाळंतपण असे आख्खे आयुष्य दोन ओळींत येऊन जाते. त्याखेरीज टपालाने माल विकणाऱ्या मॉन्टगोमरी वॉर्ड (1872 पासून) आणि नंतर सिअर्स या कंपन्यांच्या वस्तूंच्या याद्या, गावातली प्रत्येक इमारत दाखवणारे सॅनबोर्नचे आगविम्याचे नकाशे, आणि अर्थातच रोजनिशा.

वर्ष चुकले की कथाही चुकते. किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंतची तार (टेलिग्राफ) 1861 ची, रेल्वे 10 मे 1869 ची. ग्लिडनच्या काटेरी तारेचे पेटंट 1874 चे. त्याआधी तारेच्या कुंपणावरून दोन घराण्यांचे वैर दाखवता येत नाही. रिव्हेट मारलेल्या जीन्सचे पेटंट 1873 चे, आणि टपालातून गर्भनिरोधके पाठवण्यावर बंदी घालणारा कॉमस्टॉक कायदाही त्याच वर्षीचा. तो नायिकेच्या निर्णयांवर जीन्सपेक्षा कितीतरी जास्त परिणाम करतो, तरी कादंबऱ्यांत जीन्सच जास्त दिसते. उत्तरेकडच्या मैदानांवर 1886 च्या शरदात गुरांचे मोठे खिल्लार राखून सुखी झालेले जोडपे हा तर जाणत्या वाचकासाठी अभावित शोकान्त. त्या हिवाळ्याच्या बर्फात तिथली गुरे हजारोंनी मेली आणि अनेक रँचमालक बुडाले.

जमीन कुणाची : या लेखनातला खरा पेच इथे आहे. नायिकेला मिळणारी 160 एकर रिकामी नव्हती. करार मोडून, सैन्य पाठवून, माणसांना राखीव प्रदेशांत ढकलून ती मोकळी केलेली होती. घर मिळणे हाच ज्या प्रकारातला आनंद, त्याला हा प्रश्न टाळून लिहिण्याची सवय लागली. मूळनिवाशांनी पळवून नेलेल्या गोऱ्या स्त्रियांच्या कथा 1682 पासून, मेरी रोलँडसन यांच्या आत्मवृत्तापासून, लोकप्रिय होत्या. त्यांचाच धागा धरून 1980-90 च्या दशकांत गोरी नायिका आणि मूळनिवासी योद्धा अशा कादंबऱ्यांचा पूर आला. नायकाची जमात मुखपृष्ठावर ठसठशीत, आतला माणूस मात्र कुठल्याही जमातीचा चालला असता. 2008 मध्ये अशाच कादंबऱ्यांच्या एका लोकप्रिय लेखिकेच्या पुस्तकात नायक-नायिका प्रेमाच्या भरात काळ्या पायांच्या फेरेट या प्राण्याविषयी एकमेकांना जी माहिती देतात, ती एका निसर्गविषयक नियतकालिकातल्या लेखातून जवळजवळ जशीच्या तशी घेतली आहे, हे वाचकांनीच उघडकीस आणले. अभ्यास कथेत मुरला नाही की संवादाचे काय होते, याचा याहून बोलका नमुना मिळणार नाही.

2021 मध्ये अमेरिकेतल्या प्रेमकादंबरीकारांच्या मुख्य संघटनेने एका श्रद्धापर पुस्तकाला पुरस्कार दिला. त्याचा नायक वूंडेड नी इथल्या हत्याकांडात सहभागी झालेला घोडदळाचा अधिकारी आहे. तिथे 29 डिसेंबर 1890 रोजी लाकोटा या मूळनिवासी जमातीची अडीचशेच्या वर माणसे मारली गेली, त्यांत बायका-मुले पुष्कळ. टीकेचा भडका उडाला आणि पुरस्कार काही दिवसांतच मागे घेतला गेला. पापी नायकाला पश्चात्तापाने शुद्ध करणे ही या प्रकाराची जुनी रीत. इथे वाद होता तो असा, की क्षमा करण्याचा अधिकार नायिकेला कुणी दिला.

दुसऱ्या बाजूने वाट काढली ती बेव्हर्ली जेंकिन्स यांनी. ‘नाइट साँग’ (1994) मध्ये कॅन्ससमधले कृष्णवर्णीयांचे गाव, तिथली शिक्षिका आणि कृष्णवर्णीय घोडदळातला सैनिक येतो. 1877 मध्ये वसलेले निकोडेमस हे अशा वस्त्यांपैकी आजही टिकून असलेले गाव. काउबॉयांपैकी अंदाजे चौथा हिस्सा कृष्णवर्णीय होता आणि गुरे हाकण्याचे बरेचसे तंत्र मेक्सिकन व्हाकेरोंकडून, म्हणजे घोड्यावरच्या गुराख्यांकडून आलेले, हे इतिहासात नोंदलेले असूनही कादंबरीत यायला इतका वेळ लागला. चिनी कामगारांची गोष्ट याहून अवघड आहे. 1875 च्या पेज कायद्याने चिनी स्त्रियांचे येणे जवळजवळ बंद केले आणि बऱ्याच राज्यांत गोऱ्यांशी लग्न बेकायदा होते. अशा जोडीला सुखान्त द्यायचा तर लेखकाला आधी ठिकाण हुडकावे लागते. वॉशिंग्टन प्रदेशाने ही बंदी 1868 मध्ये उठवली होती. शेजारच्या ओरेगॉनमध्ये ती विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत राहिली. कोलंबिया नदीच्या कुठल्या काठावर घर बांधायचे यावर तिथे सगळे कथानक फिरते.

सद्यःस्थिती : आज श्रद्धापर शाखेत चुंबनापुढे पान उलटते, इतरत्र उलटत नाही, दोन्हींचे वाचक वेगळे आणि एकमेकांविषयी बऱ्यापैकी अनुदार. मोठ्या प्रकाशकांच्या ऐतिहासिक यादीत रीजन्सी काळातल्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्लंडचा वरचष्मा आहे, काउबॉय बहुतांशी समकालीन कथांत गेला आहे. एकाच कल्पित गावातल्या भावंडांच्या किंवा वधूंच्या लांबलचक मालिका लेखक स्वतःच इ-पुस्तकांच्या रूपात काढतात. शेतीच्या हंगामासारखे त्यांचे भाग ठरलेल्या वेळी येतात आणि त्यांत नाताळची एक कथा हमखास असते.