जायफळाची बेटं आणि मक्तेदारीचा रक्तरंजित इतिहास

१६६७ साली नेदरलँड्समधल्या ब्रेडा इथे इंग्रज आणि डच यांच्यात तह झाला. रुन नावाचं एवढंसं बेट डचांकडे राहिलं आणि मॅनहॅटन इंग्रजांकडे, ही त्या तहाची गोष्ट हल्ली नवल म्हणून सांगितली जाते. गोष्ट खरी आहे, पण ती इथून सुरू केली की ज्यांच्या बेटांपायी हा तंटा पेटला ती माणसं त्यात कुठेच दिसत नाहीत.

आजच्या इंडोनेशियातल्या मालुकू भागात बांदा ही मूठभर ज्वालामुखी बेटं आहेत. रुन त्यांतलंच एक. अठराव्या शतकापर्यंत जगातलं जवळजवळ सगळं जायफळ आणि जायपत्री इथूनच येई. बांदात राजा नव्हता. ‘ओरांग काया’ म्हणून ओळखले जाणारे मातब्बर लोक कारभार पाहत आणि येईल त्या व्यापाऱ्याशी भाव ठरवत. पोर्तुगीजांनी १५११ मध्ये मलाक्का जिंकलं, पुढच्याच वर्षी त्यांची जहाजं बांदाला लागली, पण तिथे त्यांना पाय रोवता आले नाहीत.

१६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीला सनदेनेच लढाया करण्याचे, तह करण्याचे आणि किल्ले बांधण्याचे अधिकार मिळाले होते. तिने ओरांग कायांकडून करार लिहून घेतले. जायफळ फक्त कंपनीला विकायचं, तेही ठरलेल्या भावाने. खरी मेख इथेच होती. बेटांवर पुरेसं धान्य पिकत नव्हतं. तांदूळ, सागो (एका ताडवर्गीय झाडाच्या खोडातलं पीठ) आणि कापड जावा, मकासार आणि आसपासच्या बेटांवरच्या गलबतांमधून येई, आणि त्याच्या बदल्यात जायफळ जाई. ती गलबतं बंद करून कंपनी तेवढं अन्न पुरवू शकत नव्हती. करार पाळायचा तर उपाशी राहायचं, अशी लोकांची कोंडी झाली. त्यांनी इतरांना माल विकणं चालू ठेवलं आणि कंपनीने त्यांना करारभंगाचे गुन्हेगार ठरवलं. पुढच्या हिंसाचाराला ‘शिक्षा’ म्हणणाऱ्यांनी ही कोंडी आधी समजून घ्यायला हवी.

१६०९ मध्ये बांदावासीयांनी एका डच आरमारप्रमुखाला ठार केलं. १६१६ पासून नॅथॅनिएल कोर्टहोप हा इंग्रज डचांच्या विरोधात रुनवर तळ ठोकून होता. १६२० मध्ये तो मारला गेला. त्यालाही जायफळच हवं होतं, त्यामुळे त्याला बेटांचा तारणहार मानण्याचं कारण नाही.

१६२१ मध्ये गव्हर्नर-जनरल यान पीटरझून कून मोठं आरमार घेऊन उतरला. कंपनीच्या जपानी भाडोत्री सैनिकांकरवी ४४ ओरांग कायांची कत्तल झाली. बेटांची वस्ती अंदाजे १५,००० होती. कत्तल, उपासमार, हद्दपारी आणि पलायन यांनंतर जेमतेम हजारभर माणसं उरली. जे केई बेटांवर पळाले त्यांच्या वंशजांनी तिथल्या दोन गावांत बांदाची भाषा जिवंत ठेवली आहे. खुद्द बांदात ती बोलली जात नाही. रिकाम्या झालेल्या जमिनीचे वाटे पाडून ते डच बागायतदारांना दिले गेले, आणि राबायला गुलाम आणले गेले. त्यांत हिंदुस्थानच्या किनाऱ्यांवरून नेलेली माणसंही होती. कूनला १६२७ मध्ये पुन्हा तेच पद मिळालं.

१६२३ मध्ये डचांनी मालुकूतल्याच अंबोन बेटावर कटाच्या आरोपावरून दहा इंग्रजांना मारलं. त्यानंतर इंग्रज कंपनीने या भागातून बरंचसं अंग काढून घेतलं आणि हिंदुस्थानातल्या व्यापारावर भर दिला. डचांचा मसाल्याचा लढा पोर्तुगीजांशीही चालू होता आणि तो आपल्या किनाऱ्यालाही भिडला. गोव्याची नाकेबंदी करता यावी म्हणून त्यांनी १६३७ च्या सुमारास वेंगुर्ल्याला वखार उघडली.

१६६४ मध्ये इंग्रजांनी मॅनहॅटनवरची न्यू ॲमस्टरडॅम ही डच वसाहत घेतली होतीच. ब्रेडाच्या तहाने जे ज्याच्या हातात होतं ते त्याच्याकडेच राहिलं आणि बांदाची मक्तेदारी पक्की झाली. नेपोलियनच्या युद्धकाळात इंग्रजांनी बांदा ताब्यात घेतलं आणि जायफळाची रोपं पेनांगसारख्या आपल्या वसाहतींत नेऊन लावली, तेव्हा ही मक्तेदारी मोडली.